आधी उलटायला शिका!

कयाकिंगचा पहिला धडा वल्हं मारण्याचा नसतो, उलटण्याचा असतो. बोट पालथी झाली की पाण्याखाली घाबरायचं नाही, पाय सोडवून बाहेर यायचं, बोट हातची सोडायची नाही. हे जमल्याशिवाय रेसची भाषाच नको.

आता एप्रिल-मेमध्ये पुण्याच्या मुळा-मुठेत हे करून बघा! धरणाचं पाणी पात्रात फारसं येत नाही, वाहतं ते बहुतेक सांडपाणी. त्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर जलपर्णी माजते आणि वल्ह्यात अडकते. ज्या नदीकाठी सीओईपीचा बोट क्लब १९२८ पासून आहे, तिथे तोंडात पाणी जाईल म्हणून नवी पोरं उलटायचंच टाळतात. मग भर रेसमध्ये बोट उलटली की काय होणार?

जलपर्णी मशीनने काढतात, ती पुन्हा येते. येणारच! तिचं खाणं आपणच रोज पाठवतो. म्हणून माझं मत स्पष्ट आहे. उलटण्याचा सराव आधी स्विमिंग टँकवर व्हावा, त्याशिवाय कुणालाही नदीत रेसला उतरवू नये. आणि मित्रांनो, नव्या बोटी मागण्याआधी एवढं विचारूया : आपल्या होस्टेलचं सांडपाणी नेमकं जातं कुठे?