त्रिशंकू कोण?

४ जून २०२४ ला निकाल लागला आणि एक्झिट पोलवाल्यांची तोंडं पडली. भाजपला २४० जागा. बहुमताला हवे होते २७२. दहा वर्षांनी पुन्हा एकाही पक्षाला स्वबळावर बहुमत नाही. लगेच ओरड सुरू झाली, 'आता स्थैर्याचं काय?' मैत्रिणींनो, स्थैर्य कुणाचं, हे आपण विचारायला हवं.

महिला आरक्षणाचं विधेयक लोकसभेत पहिल्यांदा आलं ते सप्टेंबर १९९६ मध्ये, देवेगौडांच्या डळमळत्या सरकारच्या काळात. २०१० मध्ये राज्यसभेने ते मंजूर केलं, तेव्हाही सरकार आघाडीचंच होतं. म्हणून आघाड्या आपल्या कैवारी ठरत नाहीत; १९९८ मध्ये याच विधेयकाची प्रत सभागृहात फाडली गेली. पण भक्कम बहुमताने तरी काय दिलं? २०२३ मध्ये कायदा केला, तो जनगणना आणि मतदारसंघ पुनर्रचनेच्या अटीला बांधून. ताट वाढलं आणि हात बांधले! २०२४ ची निवडणूक आरक्षणाविनाच झाली.

सत्ताधारी हादरले, विरोधक हरखले. बायका मात्र ७८ वरून ७४ वर आल्या, ५४३ मध्ये! महाराष्ट्रात ४८ पैकी ७.

तिकीट द्यायला कायदा लागत नाही, दानत लागते. वस्तीत रेशन, पाणी, दारूबंदीसाठी मोर्च्यात पुढे आम्ही, उमेदवारीच्या यादीत मात्र कुणाची तरी सून. मतं मागायला दारात येणाऱ्या प्रत्येक पक्षाला विचारू या: तुमच्या यादीत बायका किती? लोकसभा पाच वर्षांत कधीतरी त्रिशंकू होते. आपण कायमच्या लोंबकळतो आहोत.