खालच्या खोलीतली थंडी

आमच्या घराची मागची खोली रस्त्यापेक्षा तीन पायऱ्या खाली आहे. घर उतारावरचं, त्यामुळे खोलीची एक भिंत अर्ध्या उंचीपर्यंत मातीतच. त्यात दर काही वर्षांनी रस्त्यावर डांबराचा नवा थर चढला आणि घर आणखी खाली गेलं. कोल्हापूरच्या जुन्या पेठांत अशा खोल्या पुष्कळ सापडतील. एरवी तिथं धान्याचे डबे आणि जादा गाद्या असत. दादींचे गुडघे धरले, जिना चढणं बंद झालं, तेव्हा ती खोली त्यांची झाली.

दिवाळीनंतर त्यांची तक्रार सुरू झाली, "हाडं गोठतात रे इथं." आम्ही दोन हजार वॉटचा पंख्याचा हीटर आणला. आठवड्यात प्लग काळा पडला. मग दादींनी त्यांच्या माहेरची जुनी सवय सांगितली, कोळशाची शेगडी. आम्हीच ती पेटवून दिली. पहाटे फजरला उठवायला गेलो, तर दार-खिडकी बंद, दादींना उलटी झालेली, डोकं गरगरत होतं, आणि त्या आम्हाला ओळखायलाही वेळ लावत होत्या. उचलून बाहेर आणलं, दवाखान्यात नेलं. अल्लाहच्या कृपेनं त्या वाचल्या.

म्हणून सगळ्यात आधी हे सांगतो. बंद खोलीत निखारे ठेवून कधीही निजू नका. कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला कळत नाही आणि जाग येईलच असं नाही. निखारे विझत आल्यासारखे दिसले तरी वायू निघतच असतो. लोबानची धुनी दिल्यावर उरलेले निखारेही बाहेर न्यावेत. गॅसची शेगडी पेटवून खोली गरम करणं हाही तसाच धोका.

त्यानंतर आम्ही नीट विचार केला, की ही खोली एवढी थंड का? आपल्याकडे पहाटेचा पारा चौदा-पंधरा अंशांवर येतो, पण जमिनीच्या पोटात तेवढी थंडी उतरत नाही. थंडीत पहाटे विहिरीचं पाणी कोमट लागतं, ते याचमुळे. म्हणजे मातीतली भिंत खरं तर बाहेरच्या हवेपेक्षा उबदार असायला हवी. दोष मातीचा नव्हता, ओलीचा होता. माठातलं पाणी ज्या कारणानं गार होतं, त्याच कारणानं ओली भिंत गार होते. ओल सुकताना ऊब ओढून घेते. ज्यांच्या घरात २०१९ आणि २०२१ च्या महापुराचं पाणी शिरलं, त्यांना हे सांगायला नको. पाणी उतरतं, भिंती मात्र महिनोन् महिने ओल्या राहतात.

ओल कुठून येते हे बघायची सोपी युक्ती आहे. हातभर प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीला चारी बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट लावा आणि दोन दिवस ठेवा. थेंब आतल्या बाजूला जमले तर ओल भिंतीतून येते. बाहेरच्या बाजूला जमले तर ती खोलीतल्या दमट हवेची. आमच्याकडे आतून थेंब निघाले. शोध घेतला तर गच्चीच्या पाण्याचा पाइप त्या भिंतीच्या मुळाशीच सुटला होता. तो लांब नेला, मागच्या बोळाला उलटा उतार दिला. आतून ओलरोधक रंग लावण्याचा सल्ला मिळाला होता, पण बाहेरचं पाणी थांबल्याशिवाय तो रंग पोपडे धरतो.

मग राहिली उष्णता. विजेचा हीटर पंख्याचा असो, लाल सळईचा असो की तेलाचा, एका युनिटमागे ऊब सगळे सारखीच देतात. फरक उपयोगात आहे. सळईचा हीटर समोर बसलेल्याला लगेच शेकतो, पण पांघरूण-पदर जवळ गेला की आगीची भीती. तेलाचा हळू तापतो, पण आवाज नाही आणि सळई उघडी नाही. रात्रीसाठी तो बरा. तासन् तास खोली गरम ठेवायची असेल तर गरम हवाही देणारा एसी एका युनिटमध्ये साधारण तिप्पट ऊब देतो, पण तो महाग. आमच्यासारख्या घराला दोन-अडीच महिन्यांच्या थंडीसाठी तो परवडत नाही.

हिशेब असा. दोन हजार वॉटचा हीटर रोज चार तास सतत चालला तर महिन्याला २४० युनिट. घरगुती बिलाचा दर १०० आणि ३०० युनिटांच्या वर चढत जातो, हे लक्षात ठेवा. असा हीटर जवळजवळ नऊ अँपिअर ओढतो. त्याला १६ अँपिअरचा सॉकेट आणि जाड वायर हवी. आमचा प्लग एक्स्टेन्शन बोर्डावर होता, म्हणून जळाला.

याउलट शंभर वॉटचं विजेचं अंथरूण आठ तास चाललं तरी एका युनिटपेक्षा कमी. सगळी खोली तापवण्यापेक्षा माणूस उबदार ठेवणं स्वस्त. मात्र मधुमेह असलेल्यांच्या पायांना चटका कळत नाही; त्यांनी अंथरूण आधी तापवून, निजताना बंद करावं. गरम पाण्याची पिशवीही कापडात गुंडाळूनच द्यावी.

आता दादींची खाट भिंतीपासून हातभर दूर आहे, फरशीवर चटई आणि वर जाड सतरंजी. दुपारी खिडकी उघडी असते. तेलाचा हजार वॉटचा हीटर फक्त पहाटे तासभर लागतो, वुजू आणि फजरपुरता. येत्या काही वर्षांत रमजान थंडीत येतो आहे. २०२८ मध्ये तो जानेवारीच्या अखेरीस सुरू होईल. सहरीला उठणारे म्हातारे घरोघरी असतील. त्यांची खोली आजच एकदा हात लावून बघा, भिंत ओली आहे का. आणि शेगडी अंगणातच राहू द्या.