न पोचलेल्या मेलचाही हिशेब ठेवा

प्रवेशाचा हंगाम आला की शिरपूरच्या कॉलेजांतल्या संगणक विभागाला एक वाक्य पाठ होतं : ‘सर, मेल उनाच नही.’ समोर उभा असतो सातपुड्याच्या पाड्यावरून आलेला मुलगा. कागदपत्रांतली त्रुटी, शुल्काची शेवटची तारीख, इंटर्नशिपच्या मुलाखतीची वेळ, यांपैकी काहीतरी त्याच्या हातून निसटलेलं असतं. आपला लॉग सांगतो की पलीकडच्या सर्व्हरने मेल स्वीकारला. तो स्वीकारलाही गेला आणि स्पॅममध्ये जाऊन पडला. जीमेल तिथला मेल ३० दिवसांनी आपोआप पुसून टाकतं.

किती स्पॅम अडवले याचा आकडा दर महिन्याच्या अहवालात असतो. किती हवे असलेले मेल अडले, हा रकाना मात्र बहुतेक अहवालांत नसतो. नकोसा मेल आत आला तर प्राध्यापक लगेच फोन करतात, हवा असलेला मेल हरवला तर कोणाला कळतही नाही. म्हणून गाळणीची खरी परीक्षा या दुसऱ्या रकान्यात आहे, असं आमचं ठाम मत आहे.

आधी बाहेर जाणाऱ्या मेलबद्दल, कारण सर्वांत जास्त नुकसान तिथेच होतं. फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने वैयक्तिक जीमेल खात्यांवर दिवसाला ५,००० च्या घरात मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क हे तिन्ही सक्तीचे केले. याहूनेही तसेच नियम आणले आणि मे २०२५ पासून मायक्रोसॉफ्टने आउटलुकच्या खात्यांसाठी तोच मार्ग धरला. ‘आपण कुठे एवढे मेल पाठवतो?’ असं म्हणून हा विषय बाजूला टाकू नका. एखाद्या निकालाच्या दिवशी विद्यार्थी आणि पालक मिळून ही मर्यादा ओलांडली जाऊ शकते, आणि गूगल एकदा मोठा प्रेषक मानलेल्या डोमेनचा तो शिक्का पुन्हा काढत नाही.

बहुतेक ठिकाणी घोळ साधाच असतो. शुल्काच्या पावत्या बाहेरच्या ईआरपी कंपनीच्या सर्व्हरवरून जातात, पण पत्ता कॉलेजचा असतो, आणि तो सर्व्हर आपल्या एसपीएफ नोंदीत नसतो. मग कोणीतरी दुसरी एसपीएफ नोंद जोडतो. एका डोमेनला दोन एसपीएफ नोंदी असल्या की तपासणीच चुकीची ठरते आणि पहिली नोंदही निकामी होते. नोंद एकच ठेवा, आणि तिच्यातून होणाऱ्या डीएनएस चौकशा १० च्या आत ठेवा. प्रवेशाची जाहिरात करणारे मेल वेगळ्या उपडोमेनवरून पाठवा. ‘स्पॅम’ म्हणून नोंदवलेल्या तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्याला पोचू देऊ नका, असं गूगल सांगतं. जाहिरातीला कंटाळलेल्या पालकांच्या तक्रारींचा फटका परीक्षेच्या सूचनेला बसावा, हे कोणत्याही संस्थेला परवडणारं नाही.

कॉलेजचा मेल स्वतःच्या जीमेलवर फॉरवर्ड करायची विद्यार्थ्यांची सवय आपण थांबवू शकणार नाही. पण फॉरवर्ड करताना मेल आपल्या सर्व्हरवरून निघतो, मूळ प्रेषकाच्या एसपीएफमध्ये आपला सर्व्हर नसतो, म्हणून ती तपासणी तुटते. मजकुराला हात लागला नाही तर डीकेआयएमची सही टिकते. तेव्हा विषयात ‘बाहेरून आलेला’ असा शिक्का मारणं आणि तळाला कायदेशीर सूचना चिकटवणं, निदान फॉरवर्ड होणाऱ्या मेलसाठी तरी बंद करा. या दोन गोष्टींनी कंपन्यांकडून आलेली कितीतरी मुलाखतीची बोलावणी संशयास्पद ठरतात.

आता आत येणाऱ्या मेलकडे. स्पॅमअसॅसिन वापरणाऱ्यांनी एक गोष्ट आजच तपासावी. त्याची बेझियन गाळणी किमान २०० स्पॅम आणि २०० चांगले मेल शिकल्याशिवाय कामच सुरू करत नाही. आपण तिला स्पॅम भरभरून दाखवतो, चांगले मेल दाखवायला विसरतो. मराठीच्या बाबतीत हे जास्त जाचक आहे. चांगल्या मेलच्या नमुन्यांत मराठी जवळजवळ नसेल आणि स्पॅमच्या नमुन्यांत मराठीत लिहिलेल्या कर्जाच्या नि लॉटरीच्या थापा असतील, तर गाळणी मराठी शब्दांनाच संशयित समजू लागते. विद्यापीठाची मराठी परिपत्रकं, पालकांचे अर्ज, पंचायत समितीची पत्रं तिला मुद्दाम शिकवा. अजून जुन्या आवृत्तीवर असाल तर ४.० वर या. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या त्या आवृत्तीत युनिकोडची हाताळणी बरीच सुधारली आहे. आणि कार्यालयात कोणी जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये मेल लिहीत असेल तर त्याच्याशेजारी बसून युनिकोड टंकलेखन शिकवा. त्या फॉन्टमधला मराठी मजकूर गाळणीला निरर्थक रोमन अक्षरांसारखा दिसतो.

तक्रार आली की अख्खं डोमेन श्वेतयादीत टाकायचा मोह टाळा. पाठवणाऱ्याचा पत्ता कोणीही खोटा लिहू शकतो. एसपीएफ किंवा डीकेआयएम जुळलं तरच सवलत देणारा नियम वापरा.

सर्वांत आग्रहाने सांगायचं ते हे. एकदा स्वीकारलेला मेल गुपचूप नष्ट करू नका. आरएफसी ५३२१ नुसार सर्व्हरने मेल स्वीकारला की तो पोचवण्याची किंवा पोचला नाही हे कळवण्याची जबाबदारी त्याची होते. ज्याबद्दल खात्री आहे तो स्पॅम एसएमटीपीच्या संवादातच ५५० देऊन नाकारा. म्हणजे चुकून नाकारल्या गेलेल्या खऱ्या माणसाला निदान परत आलेला निरोप दिसेल आणि तो फोन उचलेल. ज्याबद्दल शंका आहे तो स्पॅमच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि काय अडवलं त्याची यादी वापरकर्त्याला पाठवा. पाड्यावरच्या मुलाला ते फोल्डर कुठे असतं हे माहीत असेलच असं नाही. प्रवेशाच्या दिवशी, त्याचा मोबाइल त्याच्याच हातात ठेवून, ते उघडून दाखवायला दोन मिनिटं पुरतात. हे काम आपल्या विभागाचं आहे, लिपिकावर ढकलू नका.

आणि पोस्टमास्टर हा पत्ता आपल्या डोमेनवर चालू आहे का, तिथे आलेला मेल कोणी वाचतं का, हे याच आठवड्यात पाहा. तोही आरएफसी ५३२१ ने सक्तीचाच केला आहे. ‘तुमचा सर्व्हर आमचा मेल नाकारतो’ ही तक्रार बाहेरचा माणूस तिथेच पाठवतो. त्या पत्त्यावर कडक गाळणी लावू नका.