धरून ठेवणारे पोट

जिममध्ये पोटाचे म्हणून ओळखले जाणारे जवळपास प्रत्येक यंत्र पोटाला एकच काम सांगते: धड दुमड, नाहीतर पीळ. क्रंच मशीनवर बसून हँडल खाली ओढायचे, उतरत्या बाकावर पाय अडकवून उठायचे, फिरत्या आसनावर बसून कंबर डावी-उजवीकडे फिरवायची. रोजच्या जगण्यात मात्र हे स्नायू बहुतेक वेळ याच्या उलट राबत असतात. वीस लिटरचा पाण्याचा कॅन उचलताना, बंगळूरच्या बीएमटीसी बसमध्ये उभे असताना अचानक ब्रेक लागला की, मूल कडेवर घेऊन जिना चढताना, धड वाकू नये, वळू नये, एका अंगाला कलू नये म्हणून ते घट्ट होतात. बेंबीच्या दोन्ही बाजूंनी उभा जाणारा स्नायू, बरगड्यांपासून ओटीपोटाकडे तिरके उतरणारे दोन थर आणि त्यांच्याखाली कमरेला पट्ट्यासारखा वेढा घालणारा आडवा थर, असे सगळे मिळून कण्याला आवळून धरतात. जिममधली साधने या धरून ठेवण्याच्या कामासाठी वापरावीत आणि दुमडण्या-पिळण्याची यंत्रे बहुतेकांनी बाजूला ठेवावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

या मताला आधार आहे. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात स्टुअर्ट मॅकगिल यांनी तीसएक वर्षे कण्यावर पडणाऱ्या भाराचा अभ्यास केला. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९९७ मध्ये पोटाच्या निरनिराळ्या व्यायामांत कमरेच्या मणक्यांवर किती दाब येतो ते मोजले. नेहमीच्या सिट-अपमध्ये हा दाब ३३०० न्यूटनच्या घरात निघाला, म्हणजे सुमारे ३३५ किलो वजनाइतका. कामगारांनी ओझी उचलताना कमरेवर येणाऱ्या दाबासाठी अमेरिकेतल्या सरकारी संस्थेने आखलेली सावधगिरीची रेषा ३४०० न्यूटनची आहे. हमालाने ज्या रेषेपाशी थांबावे, तिला हात लावून येणारा व्यायाम आपण दिवसाला पन्नास-शंभर वेळा करतो. त्यातही पाय अडकवले की काम पोटाकडून निसटते. मांडी पोटाकडे ओढणारा खोलातला स्नायू कमरेच्या मणक्यांनाच आतून चिकटलेला असतो; पायाला आधार मिळाला की तो जोर लावतो आणि मणक्यांना आणखी दाबतो. उतरत्या बाकावरच्या सिट-अपनंतर पोटाऐवजी कंबर भरून येते, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते. अमेरिकी लष्कराने चार दशके सिट-अपने सैनिकांची परीक्षा घेतली. २०२२ पासून त्या जागी प्लँक आला. कोपरांवर आणि चवड्यांवर शरीर सरळ तोलून धरायचे, एवढेच.

बंगळूरच्या संदर्भात हा प्रश्न अधिक टोकदार होतो. व्हाइटफील्ड, इलेक्ट्रॉनिक सिटी किंवा आउटर रिंग रोडवरच्या कचेरीत आठ-नऊ तास, त्यावर गाडीत तास-दीड तास, असा पाठीला बाक देऊन दिवस काढलेला माणूस थेट जिमला येतो आणि क्रंच मशीनवर पुन्हा बसून पुन्हा वाकतो. वीस मिनिटे पूर्ण वाकून बसले तर कण्याचे बंध ताणले जातात आणि उठल्यावर अर्ध्या तासानेही त्यांचा ताठरपणा पूर्ण परत येत नाही, असे मॅकगिल यांच्याच प्रयोगांत दिसले होते. तशा सैलावलेल्या कण्यावर पिन खाली सरकवत वजन चढवायचे हा क्रमच चुकीचा आहे. सकाळी जाणाऱ्यांची अडचण वेगळी. रात्री आडवे पडल्यावर मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगतात, त्यामुळे उठल्यावर पहिला तासभर वाकताना त्यांच्यावरचा ताण वाढलेला असतो. जुनी कंबरदुखी असलेल्यांनी नुसते सकाळचे वाकणे टाळले तरी दुखणे कमी होते, हे १९९८ च्या एका चाचणीने दाखवले. साडेपाचला उठून सहाच्या बॅचला क्रंचने सुरुवात करणाऱ्याने एवढी गोष्ट तरी लक्षात घ्यावी. आधी चालावे, मग खांदे-पाय, आणि पोट शेवटी. वजन घेऊन बैठका किंवा डेडलिफ्ट करायच्या असतील तर त्यांच्या आधी पोट थकवणे धोक्याचे, कारण ते ओझे पेलताना कण्याला सांभाळणारे तेच असते.

इतकी माणसे त्या यंत्रापाशी जातात ती पोट कमी व्हावे म्हणून, आणि ती इच्छा अगदी रास्त आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचे आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र छापले होते. दोघांचा बॉडी मास इंडेक्स सारखाच, २२.३, चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीयाच्या पोटातही चरबी दडलेली असते आणि मधुमेहाची वाट तिथूनच जाते. तेव्हा पोटाची काळजी हा दिखाव्याचा विषय मुळीच नाही. पण त्या चरबीवर क्रंच मशीन चालत नाही. सचिन विस्पुते आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २४ जणांपैकी काहींनी सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, पोटाचे सात व्यायाम केले. स्नायूंचा दम वाढला. पोटावरची चरबी व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत हलली नाही. चरबी उतरते ती खाण्यातून आणि सगळ्या शरीराच्या हालचालीतून. हे एकदा पटले की पोटाच्या यंत्रावर शेकड्यांनी आकडे मोजण्याचे कारणच उरत नाही.

यावरचे आक्षेप हलके नाहीत. पहिला असा, की वाकल्याने गादी सरकते हा निष्कर्ष बराचसा डुकराच्या मृत मणक्यांवरच्या प्रयोगांतून आला आहे. हजारो वेळा वाकवल्यावर त्या गाद्या फाटल्या. जिवंत माणसाचा कणा विश्रांतीत स्वतःची डागडुजी करतो. हा आक्षेप मला मान्य आहे. निरोगी पाठीच्या तरुणाने बेताच्या वजनावर, आठवड्यातून दोनदा, दहा-बारा क्रंच केले म्हणून त्याची गादी सरकेल असे कोणी म्हणू नये. शरीरसौष्ठव स्पर्धेसाठी पोटाचे चौकोन उठून दिसायला हवे असतील तर भाराखाली हालचाल लागतेच. पण हा युक्तिवाद विश्रांतीवर आणि मर्यादेवर उभा आहे. रोजच्या शंभरांना तो पाठिंबा देत नाही. दुसरा आक्षेप, वयस्करांना यंत्र बरे, पाठीला टेका असतो, पडण्याची भीती नसते. टेक्याचे खरे आहे, दुमडण्याचे नाही. हाडे ठिसूळ झालेल्या स्त्रियांवर मेयो क्लिनिकमध्ये झालेला १९८४ चा अभ्यास विसरता येत नाही. पुढे वाकण्याचे व्यायाम दिलेल्या गटात ८९ टक्के जणींच्या मणक्यांना नवे तडे गेले, पाठ ताठ करण्याचे व्यायाम दिलेल्या गटात १६ टक्के. वाकणाऱ्यांचा गट जेमतेम नऊ जणींचा होता, म्हणून टक्क्यांना फार घट्ट धरू नये. तरी साठीच्या बाईला क्रंच मशीनवर बसवण्याआधी दहादा विचार करावा, इतका तो फरक मोठा आहे.

तिसरा आक्षेप घरचाच: आपल्याला यंत्रे हवीत कशाला, सूर्यनमस्कार आहेत, जोर-बैठका आहेत. या शहराकडे त्याचे उत्तर फार पूर्वीपासून आहे. १९३० मध्ये ‘मसल कल्ट’ लिहिणारे के. व्ही. अय्यर यांची व्यायामशाळा बंगळूरचीच. कन्नड वाचक त्यांना ‘शांतला’ कादंबरीचे लेखक म्हणून ओळखतात. औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी ज्या सूर्यनमस्कारांचा ध्यास घेऊन प्रचार केला, त्यांवर अय्यरांनीही पुस्तक लिहिले, आणि त्यांच्या तालमीत बारबेल नि आसने शेजारी शेजारी नांदली. सूर्यनमस्कारात हात-पायांवर शरीर फळीसारखे सरळ धरण्याची जी स्थिती येते, ती प्लँकच्या अगदी जवळची. तिथून सुरुवात करणे उत्तमच. पण शरीराचे वजन एकच असते, ते थोडेथोडे वाढवता येत नाही. यंत्राचा मोठा गुण हाच की भार अडीच-पाच किलोंनी चढवता-उतरवता येतो.

म्हणून मला जिममधले सगळ्यात मोलाचे पोटाचे साधन वाटते ते केबल मशीन, ज्याला कोणी पोटाचे म्हणतच नाही. कप्पी छातीच्या उंचीवर आणायची, यंत्राला खांदा करून उभे राहायचे, हँडल दोन्ही हातांनी छातीशी धरायचे आणि हात सरळ पुढे न्यायचे. केबल बाजूला खेचत राहते आणि पोट धडाला वळू देत नाही. जॉन पॅलॉफ या अमेरिकी फिजिओथेरपिस्टच्या नावाने हा प्रकार ओळखला जातो. हलक्या वजनापासून सुरुवात करावी आणि पाय किंवा खांदा हलला की वजन जास्त झाले असे समजावे. चाकाचे ॲब व्हील गुडघ्यांवरून, तेही कंबर खाली झोल खाण्याआधी थांबेल इतकेच पुढे. रबरी मोठ्या चेंडूवर कोपरे टेकून प्लँक. एका हातात डंबेल घेऊन सरळ चालणे हेही पोटाचेच काम. लटकून पाय उचलण्याच्या स्टँडवर पाठीची कमान होत असेल तर अजून वेळ आलेली नाही. प्लँक दोन-तीन मिनिटे ताणण्यापेक्षा दहा-दहा सेकंदांचे तुकडे करावेत, आणि सगळ्यात श्वास चालू ठेवावा. दम कोंडून जोर लावला की रक्तदाब झपाट्याने चढतो, हर्निया असलेल्याला तर तो जोर थेट दुखऱ्या जागी बसतो.

२९ ऑक्टोबर २०२१ रोजी कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार ४६ व्या वर्षी हृदयविकाराने गेले. त्यानंतर या शहरातल्या जयदेव हृद्रोग संस्थेत तपासणीसाठी रीघ लागली आणि हृदयाविषयी विचारणे जिममध्ये रुळू लागले. कमरेविषयी तसे कोणी विचारत नाही. नव्या माणसाला पोटाच्या यंत्रावर बसवण्याआधी ट्रेनरने विचारायला हवे: कधी उसण भरली होती का, पायात कळ किंवा मुंग्या येतात का, हर्निया आहे का, बाळंतपण किंवा सिझेरियन होऊन किती महिने झाले. बाळंतपणानंतर मधल्या रेषेत पोटाचे स्नायू एकमेकांपासून लांब गेलेले असतात. त्या काळात क्रंच करताना मध्यभागी उंचवटा येत असेल तर फिजिओथेरपिस्टला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नये. पायात उतरणारी कळ आली तर यंत्र सोडून डॉक्टरांकडे जायचे, वजन कमी करून पाहायचे नाही.

आणि जिमला पैसे न मोजणाऱ्यांसाठी बागा आहेत. शहरातल्या कितीतरी उद्यानांत महापालिकेने ओपन जिम बसवली, हे फार चांगले झाले. तिथल्या फिरत्या तबकडीवर उभे राहून ज्येष्ठ मंडळी कंबर जोरजोरात घुसळतात. कमरेचा प्रत्येक मणका जेमतेम एक-दोन अंश वळू शकतो. मागचे सांधे त्याला तिथेच अडवतात, आणि तबकडीचा झटका त्या सांध्यांवर आदळतो. त्या तबकड्यांच्या जागी कमरेच्या उंचीचा एक पक्का आडवा बार बसवला, तर तोच आजोबा त्यावर हात टेकून, पाय मागे नेऊन, शरीर तिरके सरळ धरून दहा सेकंद उभा राहू शकेल.