खिशातले वारामापक घेताना



उसात २,४-डी मारायची घाई झाली की आपण वारा कसा पाहतो? चिमूटभर माती हवेत सोडतो. त्यातून दिशा कळते, वेग कळत नाही. मीही पुष्कळ वर्षे तेवढ्यावरच सल्ला देत आलो. एका आषाढात सोमेश्वरनगरजवळच्या खोडव्यात ‘मारा, वारा फार नाही’ असे मीच सांगितले आणि चार-पाच दिवसांत बांधापलीकडच्या टोमॅटोची पाने पिळवटून गेली. दोघा भाऊबंदांचे बोलणे वर्षभर बंद होते. टोमॅटो, कपाशी आणि इंदापूरकडची द्राक्षे यांना या औषधाचा नुसता वाराही सोसत नाही.

मोबाईलवर येणारा वाऱ्याचा आकडा सहसा जमिनीपासून १० मीटर उंचीवरचा असतो. आपला फवारा चालतो गुडघ्याशी! म्हणून मुठीत मावणारे वारामापक घ्यावे.

दुकानदार ‘शंभर किलोमीटरचे वादळ मोजते’ म्हणून सांगेल. आपल्याला वादळात फवारायचे नाही. आपले काम ताशी ३ ते १० किलोमीटरमध्ये आहे, तेव्हा यंत्र किती कमी वाऱ्याला फिरू लागते ते विचारा. हळूच फुंकर घाला. भिरभिरे अडखळले तर ते ठेवून द्या. काही यंत्रे सेकंदाला मीटर दाखवतात, त्याला ३.६ ने गुणले की ताशी किलोमीटर मिळतात. उन्हात आकडा दिसतो का, सरासरी दाखवते का आणि सेल गावात मिळतो का, हेही पाहा. भिरभिऱ्याचे यंत्र वाऱ्यासमोर नीट धरावे लागते. वाट्यांचे कुठूनही फिरते, पण खिशात अडचण करते. मी भिरभिऱ्याचे, झाकण असलेले वापरतो.

हात लांब करून नोझलच्या उंचीवर दोन मिनिटे धरा. झुळुकांचा सर्वांत मोठा आकडाही बघा. दहाच्या वर गेला तर पंप खाली ठेवा. शेजारच्या नाजूक पिकाकडे वारा असेल तर पाचलाही ठेवा. पहाटे पान हलत नसेल तेव्हाही थांबा. तेव्हा बारीक थेंब खाली न बसता तरंगत राहतात आणि कुठेही जातात. डब्यावरची सूचना याहून कडक असेल तर तीच पाळा.

चार-पाच घरांनी मिळून एक घेतले तरी भागते. आकडा, वेळ आणि दिशा वहीत लिहायचे काम घरच्या शाळकरी लेकीकडे द्या. आणि यंत्राचा पट्टा मनगटात अडकवा, माझे पहिले यंत्र पाटाच्या पाण्यात गेले.