लाख वजा जाता

खडेबाजारात सराफाच्या पेढीवर जुना दागिना मोडावयास नेला, की सराफ तो तराजूत घालतो खरा, परंतु त्या वजनावर विश्वास ठेवीत नाही. आतली लाख तापवून काढल्यावर उरलेले सोने तो पुन्हा तोलतो आणि किंमत होते ती त्या दुसऱ्या वजनाची. परवा असा एक व्यवहार पाहत बसलो असता याच रस्त्यावरील औषधांच्या दुकानात ऐकलेले एक जुने संभाषण आम्हांस आठवले.

ते २०२१ च्या उन्हाळ्यातले. करोनाच्या दुसऱ्या लाटेमागोमाग काळ्या बुरशीचा, म्हणजे म्युकरमायकोसिसचा, उपद्रव सुरू झाला होता आणि ॲम्फोटेरिसिन-बी या इंजेक्शनासाठी लोक गावेच्या गावे पालथी घालीत होते. एक गृहस्थ काकुळतीने विचारीत होते, "अहो, साध्या कुपीवर ५० मिलिग्रॅम आणि 'लायपोसोमल'वरही ५०च. मग किमतीत एवढे अंतर का? आणि ही मिळत नसेल तर ती द्या की!" दुकानदार एवढेच म्हणाला, "काका, डॉक्टरांना विचारल्याखेरीज बदलू नका." उत्तर बरोबर होते, पण पुरे नव्हते.

ॲम्फोटेरिसिन हे मातीतल्या सूक्ष्मजीवापासून मिळणारे बुरशीविरोधी प्रतिजैविक. (त्याचा एक भाऊबंद आपल्याकडचाच आहे. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये १९६० च्या सुमारास 'हॅमायसिन' सापडले, ते ज्या जिवाणूपासून, त्याच्या शास्त्रीय नावातही पिंपरी आहे.) हे औषध बुरशीच्या पेशीचे आवरण फोडते, परंतु माणसाच्या पेशींनाही सोडीत नाही, आणि मूत्रपिंडे त्यात विशेष भरडली जातात. यावर तोड म्हणून ते स्निग्ध पदार्थांच्या अतिसूक्ष्म गोळ्यांत बसवितात. अशी एकेक गोळी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही लहान असते. औषध तिच्या भिंतीत रुतून राहते आणि बुरशीपाशी पोहोचल्यावर सुटते. तेव्हा ५० मिलिग्रॅमपैकी रुतलेले किती आणि सुटे किती, हाच खरा प्रश्न. सुटे जितके अधिक, तितका मूत्रपिंडांना धोका अधिक.

हे मोजण्याचे यंत्र म्हणजे द्रव वर्णलेखनाचे. बेळगावात औषधनिर्माणशास्त्र शिकणारी आपली मुले त्याला एच.पी.एल.सी. म्हणतात. मूळ कल्पना मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाची. त्याने १९०३ मध्ये वॉर्सा येथे मांडले, की खडूच्या भुकटीने भरलेल्या नळीतून पानांचा अर्क सोडला असता त्यातले रंग पट्ट्यापट्ट्यांनी वेगळे होतात. आज काचनळीच्या जागी पोलादी नळी आली आणि खडूच्या जागी सिलिकाचे बारीक कण. पंप शंभराहून अधिक वातावरणांच्या दाबाने द्रव ढकलतो, आणि ज्या पदार्थाची कणांशी जवळीक अधिक तो उशिरा बाहेर पडतो. ॲम्फोटेरिसिन पिवळे असल्याने जांभळा प्रकाश शोषते. तो किती शोषला गेला त्यावरून कागदावर एक टेकडी उमटते, आणि माहीत असलेल्या मापाच्या टेकडीशी ताडून औषधाचे वजन कळते.

मोजणी मात्र दोनदा करावी लागते. एका नमुन्यात मिथेनॉल घालून गोळ्या विरघळविल्या, की सगळे औषध मोकळे होते. ते एकूण वजन. दुसऱ्या नमुन्यात गोळ्या न फोडता, अतिसूक्ष्म गाळणीतून केवळ सुटे औषध काढतात. समजा, एकूण ५० भरले आणि सुटे २, तर ४८ रुतलेले, म्हणजे शेकडा ९६. येथे यंत्रापेक्षा हात महत्त्वाचा, असे आमचे मत आहे. गाळताना गोळ्या फुटल्या तर सुटे वाढलेले दिसणार आणि चांगली कुपी नापास होणार. सुटे औषध गाळणीलाच चिकटून राहिले तर वाईट कुपी उत्तीर्ण! यंत्र बिचारे जे समोर येईल तेच इमानाने मोजते.

आता त्या गृहस्थांचे उत्तर. साधे ॲम्फोटेरिसिन रोग्याच्या वजनाच्या दर किलोला दिवसाला सुमारे १ मिलिग्रॅम देतात. दीडच्या वर कधीही जाऊ नये असा दंडक आहे. लायपोसोमल मात्र या बुरशीवर ५ ते १० पर्यंत चालते. साठ किलोच्या माणसाला ५ च्या हिशेबाने ३०० मिलिग्रॅम, म्हणजे सहा कुप्या होतात. त्या सहा जर साध्या निघाल्या, तर हृदय बंद पडू शकते. अशा चुकीने माणसे दगावल्याच्या नोंदी परदेशांत आहेत. सलाईनचेही तसेच. मिठाच्या पाण्यात या गोळ्या टिकत नाहीत, साका धरतो. म्हणून लायपोसोमल कुपी डेक्स्ट्रोजमध्येच मिसळतात, आणि रुग्णालयातली बाई बाटलीवरचे नाव दोनदा वाचून मगच सुई टोचते.