भाड्याचा सिनेमा आणि आमचा पाऊस

या आठवड्यात मला राग आला तो मोबाईलमधल्या एका घड्याळाचा. ऑनलाइन भाड्याने घेतलेल्या सिनेमाच्या चित्राखाली ते बारीक अक्षरांत चालू असतं, अजून इतके तास शिल्लक म्हणून सांगत. सिनेमा लावला त्या संध्याकाळी पोलादपुरात पाऊस असा लागला की समोरचं घर दिसेना. मध्यंतराच्या सुमारास लाईट गेली, मागोमाग टॉवर बसला आणि रेंजही गेली. आंबेनळीच्या बाजूला कुठेतरी तारेवर झाड पडल्याचं सकाळी कळलं. सगळं पूर्ववत होईपर्यंत सिनेमाची मुदत टळून गेली होती. कंपनीला कळवलं तर उत्तर आलं, मुदत संपली आहे, पुन्हा भाडं भरा.

नियम बहुतेक ठिकाणी सारखाच आहे. पैसे भरले की सिनेमा सुरू करायला ३० दिवस मिळतात, एकदा सुरू केला की ४८ तासांत संपवायचा. फोनवर उतरवून घेतला तरी तेच ४८ तास. नेटफ्लिक्स आज इतकी मोठी झाली आहे, पण १९९८ मध्ये तिनेही टपालाने डीव्हीडी भाड्याने पाठवण्यापासूनच सुरुवात केली होती. पुढच्याच वर्षी तिने महिन्याची वर्गणी सुरू केली आणि उशिराचा दंड काढून टाकला. डिस्क हवी तितके दिवस ठेवा, परत केली की पुढची घ्या. ती टपालसेवा २९ सप्टेंबर २०२३ ला बंद झाली.

उशिराचा दंड नको, एवढी साधी गोष्ट तेव्हा लोकांना पटली होती. मग आज हे ४८ तासांचं घड्याळ का? जून ते सप्टेंबर आमच्या पोलादपूर आणि महाड तालुक्यांत लाईट कधी जाईल आणि कधी येईल हे कुणी सांगू शकत नाही. खेड्यातल्या माणसाने शंभर-दीडशे रुपये मोजून रीतसर सिनेमा घेतला, चोरून उतरवलेला पाहिला नाही, याची काही किंमत ठेवा. फोन रेंजबाहेर गेला की घड्याळ थांबवणं कंपन्यांना अवघड नाही. नाहीतर मुदत सरळ आठवडाभराची करा.

तोवर काय करायचं, हे बऱ्याच वाचकांनी विचारलं होतं. गेल्या पावसाळ्यात पॉवर बँकेवर लिहिलं होतं, तेच पुन्हा सांगते. खोक्यावर २०,००० एमएएच लिहिलेलं असलं तरी फोनपर्यंत त्यातलं साधारण बारा-तेरा हजारच पोचतं. तो आकडा आतल्या बॅटरीच्या कमी व्होल्टेजवर मोजलेला असतो, आणि व्होल्टेज चढवताना काही वीज वायाही जाते. तेव्हा घ्यायचीच तर मोठी घ्या. सिनेमा आधी उतरवून ठेवा आणि फोन पूर्ण भरल्याशिवाय सुरू करू नका. स्वस्तातल्या छोट्या प्रोजेक्टरबद्दल माझं मत मात्र अजून वाईटच आहे. खोक्यावर ‘४के सपोर्ट’ असतं, म्हणजे तो तेवढा सिग्नल आत घेतो इतकंच. भिंतीवर दिसतं ते पुष्कळ कमी. तरीही गावच्या समाजमंदिरात चादर लावून चार घरांनी मिळून पाहायचं असेल, तर तेही फोनपेक्षा बरं. पाचाडातून मान वर करून ज्याने रायगड पाहिला आहे, त्याला ‘हिरकणी’ सिनेमातला कडा हाताएवढ्या काचेवर पाहवत नाही.

चार घरांनी मिळून म्हटलं आणि मला एकदम पूजेचा व्हिडिओ आठवला. चाळिशीच्या पुढच्या वाचकांना वेगळं सांगायला नको. वाडीत सत्यनारायणाची पूजा ठरली की मुंबईचं मंडळ वर्गणी काढायचं आणि त्यात कलर टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेटींचं भाडं धरलेलं असायचं. महाडच्या बाजारपेठेतून हे सामान गोधडीत गुंडाळून शेवटच्या एसटीने यायचं. पुढची चढण टीव्ही डोक्यावर आणि व्हीसीआर काखेत. तीर्थप्रसाद झाला, भजन झालं की रात्री अकराला खळ्यात पहिली कॅसेट लागायची. पहिला सिनेमा म्हाताऱ्या माणसांसाठी, देवादिकांचा. दुसरा बायकांसाठी. १९९१ नंतरची काही वर्षं तो हमखास ‘माहेरची साडी’ असे, आणि आमच्या आत्या-काकू पदर डोळ्यांना लावून बसलेल्या मी पाहिल्या आहेत. तिसरा मारामारीचा, तो पोरांचा. तो संपेपर्यंत कोंबडा आरवलेला असायचा.

मशीनबरोबर दुकानाचा एक पोरगा यायचा. चित्रात पांढऱ्या रेघा पडल्या की आधी तो ट्रॅकिंगचं बटण फिरवी. तरी जमलं नाही तर झाकण उघडून, खिशातली करकरीत नोट स्पिरिटमध्ये भिजवून, हेडच्या गोल चकतीवर हलक्या हाताने धरी. दोनशे माणसं श्वास रोखून त्याच्या हाताकडे बघत. चित्र आलं की खळ्यात एकच गलका! मी पुढे चांगल्या थिएटरांत पुष्कळ सिनेमे पाहिले, पण तसा आनंद परत मिळाला नाही. आणि ते दुकानदार पावसात पाणी भरलं, ओढ्यावरचा साकव बुडाला म्हणून कॅसेट दोन दिवस उशिरा आली तर ज्यादा भाडं लावत नसत. गिऱ्हाईक कुठल्या वाडीतून येतं आणि मध्ये कोणता ओढा आहे, हे त्यांना माहीत होतं.

पुढे याच दुकानांनी शूटिंगचे कॅमेरे घेतले. लग्न, मुंज, शिमग्याची पालखी, वीरेश्वराचा छबिना, सगळीकडे हॅलोजनचा दिवा धरलेला माणूस पुढे आणि खांद्यावर कॅमेरा घेतलेला मागे. त्या कॅसेटी घरोघरी आल्या. आज त्या कुठे आहेत? २००५ च्या जुलैत महाड बुडालं. २२ जुलै २०२१ ला पुन्हा बुडालं, आणि तेव्हा तर पाणी पहिल्या मजल्याला लागलं. त्याच दिवशी तळीये गावावर डोंगर आला. पूर ओसरल्यावर पेठेत रस्त्याकडेला जे ढीग लागले होते त्यांत गाद्या, वह्या, फ्रीज होते, तशा चिखलाने भरलेल्या काळ्या कॅसेटीही होत्या. जेसीबीने सगळं एकत्र उचललं. भांडी पुन्हा घेता आली, फ्रीज पुन्हा आले. त्या फितींवरचं काहीही परत आलं नाही.

हे आत्ता लिहायचं कारण असं की याच आठवड्यात भावकीच्या व्हॉट्सॲप गटावर कुणीतरी यूट्यूबची एक लिंक टाकली. आमच्या शेजारच्या गावच्या शिमग्याची, नव्वदच्या दशकातली. चित्र फिकट, कडेला हिरवट, आवाजात खरखर. सहाणेवर पालखी नाचते आहे, खालुबाजा वाजतो आहे, आणि कॅमेरा क्षणभर ढोलवाल्यावर थांबतो. गटावर विरारच्या एका भावाने लिहिलं, “ढोलावर आहेत ते माझे बाबा. मी त्यांना वाजवताना पाहिलंच नव्हतं.” त्याचे वडील तो लहान असतानाच गेले. त्या रात्री गटावर कुणी सुप्रभातचे फोटो किंवा राजकारण टाकलं नाही. दिवसभर मी ऑनलाइन शंभर गोष्टी पाहते, पण या वर्षात मला सापडलेली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच.

फोटो पुष्कळांकडे असतात. चालणारं, हसणारं, ढोल वाजवणारं माणूस फक्त त्या फितीवर आहे, आणि फीत टिकत नाही. चुंबकीय फितीचं आयुष्य साधारण दहा ते तीस वर्षं धरतात, तेही कोरड्या हवेत. आमच्या हवेत पांढरी बुरशी कॅसेटच्या खिडकीतूनच दिसते. वाचवायचं यंत्रही आता सहज मिळत नाही. जगात व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी जपानची फुनाई होती, तिने जुलै २०१६ मध्ये काम थांबवलं. महाडकरांच्या लक्षात तो पावसाळा सावित्रीवरच्या पुलाने राहिला आहे. २ ऑगस्टच्या रात्री पूल गेला, बसमधली माणसं गेली. महिन्याभराने, ५ सप्टेंबरला, जिओ आलं आणि सिनेमा फोनमध्ये शिरला. जुन्या कॅसेटींकडे तेव्हापासून कुणी वळून पाहिलं नाही.

काम मात्र फार अवघड नाही. चालू स्थितीतला एक व्हीसीआर आणि यूएसबीचं व्हिडिओ कॅप्चर लागतं. ते ऑनलाइन हजार-दीड हजारात मिळतं आणि कुठल्याही साध्या लॅपटॉपला लागतं. तीन तासांची कॅसेट उतरवायला तीन तासच जातात, घाई करता येत नाही. बुरशी दिसणारी कॅसेट मशीनमध्ये घालू नका, फीत तुटते आणि बुरशी हेडला लागून पुढच्या कॅसेटीही खराब होतात. ती जाणकाराकडून साफ करून घ्या. बाकीच्या कॅसेटी उभ्या ठेवा, जमिनीपासून उंच, आणि पूररेषेतलं घर असेल तर दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे.

मुंबई-पुण्याच्या मंडळांना माझी कळकळीची विनंती आहे. गणपतीला गावी याल तेव्हा वर्गणीतून या एका कामाला पैसे बाजूला काढा. वाडीचा एक व्हीसीआर दुरुस्त करून घ्या, लॅपटॉप चालवणारा एक मुलगा नेमा आणि घरोघरच्या माळ्यावरच्या, ट्रंकांतल्या कॅसेटी गोळा करा. लेबल फाटलं असेल तर टाकून देऊ नका, लावून बघा. उतरवलेल्याच्या दोन प्रती करा, एक गावात आणि एक मुंबईत ठेवा. ज्यांच्याकडे चालू व्हीसीआर आहे आणि जे तो चार दिवस द्यायला तयार आहेत, त्यांनी मला या सदराच्या पत्त्यावर कळवावं. कोणत्या वाडीला हवा आहे ते मी जुळवून देईन.